गियर कडक झाला म्हणजे क्लच प्लेट गेली, असं नाही

या पेजवर आपण एरवी भाजी, केळी, फवारणी, खतं यावर बोलतो. आज गाडीवर लिहितोय. माल कितीही चांगला पिकवला तरी पहाटे तो बाजारात पोचला नाही तर त्याची किंमत शून्य. आणि गोखिवऱ्याहून वसई फाट्याला लागेपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये गियर किती वेळा बदलावा लागतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. अर्धा रस्ता हाफ क्लचवरच जातो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते. "गियर कडक झालाय, पडतच नाही." आणि त्यावर गॅरेजचं उत्तरही ठरलेलं. "क्लच प्लेट गेली, गियरबॉक्स उतरवावा लागेल." माझं मत स्पष्ट आहे. कारण शोधल्याशिवाय गियरबॉक्स उतरवायला परवानगी देऊ नका. आणि फक्त गियर कडक आहे एवढ्यावरून क्लच प्लेट बदलणं हे बऱ्याचदा उलटं निदान असतं.

का, ते सांगतो. प्लेट झिजली की क्लच स्लिप होतो. म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, चढाला भरलेली गाडी मरते, जळका वास येतो. गियर कडक होणं हे बहुतेक वेळा याच्या बरोबर उलट दुखणं आहे. पेडल पूर्ण दाबलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन गियरबॉक्सला फिरवतच राहतं आणि फिरत्या दात्यांत गियर घालायला आपण जोर लावतो. एक दुखणं न पकडण्याचं, दुसरं न सोडण्याचं. दोघांना एकच औषध कसं चालेल?

शेतात आपण हेच शिकलोय ना? पान पिवळं दिसलं की लगेच युरिया टाकणारा माणूस पैसे वाया घालवतो. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बघावं लागतं. आणि वाफ्यात पाणी साचलं असेल तर मुळांनाच श्वास नाही, खत काय करणार? लक्षण कुठे दिसतं, कधी दिसतं, हे आधी बघायचं. गाडीचंही तसंच.

पहिली तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, पुढे-मागे कुणी पोरंबाळं उभी नाहीत ते बघा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गियर एकेक करून टाका. एखादा अडला तर गाडी जरा हलवून पुन्हा टाका, कधी कधी दात्यासमोर दाता आलेला असतो. मग इंजिन चालू करून तेच करा.

१) इंजिन बंद असताना गियर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात: क्लच पूर्ण सुटत नाही. आधी क्लच आणि त्याचं पेडल, केबल किंवा ऑईल बघा.

२) इंजिन बंद असतानाही कडकच: क्लचवर संशय कमी. गियर लिव्हरची केबल किंवा रॉड, त्याचे बुश, गियरबॉक्सचं ऑईल बघा.

३) एकच गियर त्रास देतो, बाकी ठीक: त्या गियरच्या सिंक्रोच्या रिंगवर संशय घ्या.

४) सकाळी कडक, गाडी गरम झाली की मोकळा: ऑईल जुनं झालंय किंवा चुकीचं भरलंय.

पहिला प्रकार निघाला तर आणखी एक गोष्ट करा. पेडल दोन-तीनदा पंप करा आणि लगेच गियर टाका. पडला? मग क्लचच्या ऑईलमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर वा स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलंय. पेडलच्या वर, आतल्या बाजूला ओल आहे का हाताने चाचपा. गियरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर ओला आहे का बघा. माझ्या पिकअपला एका गॅरेजने पूर्ण क्लच सेट सांगितला होता. निघालं ते स्लेव्हचं रबर. गियरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

इथे नुसता खर्चाचा प्रश्न नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचंच ऑईल असतं आणि काही गाड्यांत दोघांना डबा एकच असतो. पातळी उतरत असेल तर वरून भरून गाडी दामटू नका. ते ऑईल कुठे गेलं ते शोधा. भरलेली गाडी घेऊन हायवेला लागल्यावर हे कळून उपयोग नाही. शिवाय हे ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत वर्षानुवर्षं ते न बदलणं म्हणजे आतून गंजाला आमंत्रण. केबलचा क्लच असेल तर केबल गंजली आहे का, ताणली गेली आहे का, पेडलला किती मोकळी चाल आहे, ते बघा. आणि हसू नका, पण पेडलखाली गुंडाळलेलं मॅट किंवा पोतं नाही ना, तेही बघा.

पाण्याचं वेगळं सांगतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं ते कुणी विसरलेलं नाही. साचलेल्या पाण्यात उभी राहिलेली गाडी नंतर चालू झाली म्हणून वाचली असं समजू नका. गियरबॉक्सला हवा जायला वर ब्रीदर असतो, त्यातून पाणी आत जातं. ऑईल काढून बघा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. काढलेल्या ऑईलमध्ये पिवळे चमकणारे कण म्हणजे पितळी सिंक्रो रिंग झिजतेय. लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र गियरबॉक्स उघडायलाच हवा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असतो, त्याला घाबरू नका. पाण्यात गेलेली गाडी बरेच दिवस उभी राहिली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही क्लच सुटत नाही.

ऑईल कोणतं, हे दुकानदाराला विचारू नका, गाडीचं पुस्तक बघा. जीएल-४ लिहिलं असेल तर "जीएल-५ त्याच्याहून भारी" म्हणून भरू नका. पितळी रिंग थोडं घर्षण मिळालं तरच गियरचा वेग जुळवते. ऑईल जास्त निसरडं झालं की रिंग पकडत नाही आणि काही ऑईलमधली रसायनं पितळ खातात. महाग म्हणजे चांगलं, हे कीटकनाशकाला लागू नाही, ऑईललाही नाही.

ट्रॅक्टरवर हात बसलेल्यांना एक विनंती. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरला सिंक्रो नसतो, तिथे थांबून गियर टाकायचा हे आपल्याला पाठ आहे. सिंक्रोमेश १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आला, तो हा त्रास वाचवण्यासाठीच. पण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला आजही सिंक्रो नसतो. तेव्हा गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मगच रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खरखर आली तर क्लच सुटत नाही याची ती खूण. आणि कडक गियर हाताच्या जोरावर घालायची मर्दुमकी नको. आज रिंग झिजेल, उद्या आतला फोर्क वाकेल, आणि शंभराचं दुखणं हजारांवर जाईल.

सगळे मिस्त्री फसवतात असं मी म्हणत नाही. आपण गाडी लावतो, "गियर कडक झालाय, बघा" म्हणतो आणि चहाला जातो. तो तरी अंदाजानेच सांगणार. डॉक्टरला कुठे दुखतं, कधी दुखतं हे सांगतो तसं मिस्त्रीलाही सांगा. कोणता गियर, इंजिन चालू की बंद, गार की गरम, पंप केल्यावर फरक पडतो का. हे चार शब्द कागदावर लिहून न्या. चांगला मिस्त्री खूश होईल, आणि दुसऱ्या प्रकारचा असेल तो जरा सावध होईल.

एवढं करून गियरबॉक्स उतरवायचाच ठरला तर उतरवा, बिनधास्त. मग मजुरी एकदाच पडते, तेव्हा रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या. पण जुने भाग समोर काढून दाखवायला सांगा, आणि काय झिजलं होतं ते डोळ्यांनी बघा.

तुमच्या गाडीला यातलं कोणतं लक्षण आहे, खाली लिहा. गाडी, मॉडेल आणि इंजिन बंद ठेवून केलेल्या तपासणीत काय आढळलं, तेही सांगा.