गुहेतला तो भलामोठा कोळी कोण?

लाओस देशातील खम्मुआन प्रांतात चुनखडीच्या गुहा आहेत. पाय पसरले तर ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे मुलांच्या फूटपट्टीएवढा भरणारा एक कोळी त्या गुहांत राहतो. त्याचे चित्र पाहिले की मुले लगेच म्हणतात, "टॅरंटुला!" मोठी माणसेही पुष्कळदा तेच म्हणतात. पण तो टॅरंटुला नव्हे. जर्मन अभ्यासक पीटर येगर यांनी २००१ साली त्याचे नाव हेटेरोपोडा मॅक्सिमा असे ठेवले. शिकारी कोळ्यांच्या कुळातला आहे तो.

मग ओळखायचे कसे? आकारावर जाऊ नये, हे पहिले. याचे पाय एवढे लांब, पण धड जेमतेम साडेचार सेंटिमीटरचे. दक्षिण अमेरिकेतला गोलियाथ टॅरंटुला पायांच्या पसाऱ्यात याच्या जवळपासच, मात्र वजनात दीडशे ग्रॅमच्या पुढे जातो! खरी खूण तोंडाशी असते. टॅरंटुलाचे दोन विषारी सुळे एकमेकांना समांतर असून कुदळीसारखे वरून खाली बसतात. शिकारी कोळ्याचे सुळे सांडशीसारखे समोरासमोर मिटतात. टॅरंटुलाचे आठही डोळे एका लहानशा उंचवट्यावर दाटीने असतात. याचे चार-चारच्या दोन रांगांत. शिवाय याचे पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले, त्यामुळे खडकाच्या फटीत तो चपटा होऊन सहज शिरतो.

एवढ्याने कूळ कळते, प्रजाती नव्हे. त्यासाठी पूर्ण वाढलेला कोळी लागतो आणि त्याच्या जननेंद्रियांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. दुरून काढलेल्या फोटोवरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

याचा एक भाऊबंद आपल्या घरांतही असतो, हेटेरोपोडा वेनाटोरिया. रात्री भिंतीवर सरसर पळणारा, चपटा, तपकिरी. मादी अंड्यांची पांढुरकी चकती पोटाशी धरून हिंडते. शिकारीसाठी तो जाळे विणत नाही, झुरळांवर झडप घालतो. त्याला पाहताच घरात चप्पल उचलली जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. हाताने मात्र त्याला धरू नये, डिवचला तर चावतो आणि ती जागा दुखते. झाडूने दाराबाहेर वाट दाखवली तरी पुरे. आणि मोरीत झुरळे फार झाली असतील, तर राहू द्यावा.