पदरमोडीचें स्वातंत्र्य

विचारस्वातंत्र्याचा जयजयकार करण्याची हौस आजच्या विद्यापीठांस जितकी आहे, तितकी त्या स्वातंत्र्यासाठीं वकिलाचे पैसे भरण्याची नाहीं. पदवीदानाच्या मंडपांत ज्याच्या निर्भयतेची वाखाणणी होते, त्याच प्राध्यापकाच्या दारीं एखाद्या धनाढ्य कंपनीची नोटीस येऊन थडकली, म्हणजे 'ही आपली खासगी बाब आहे' असें त्यास हळूच सुचविण्यांत येतें. आमचें म्हणणें असें कीं, विद्यापीठाचें काम करीत असतां ज्याच्यावर दावा येतो किंवा दाव्याची धमकी येते, त्याचा बचाव विद्यापीठानें स्वखर्चानें केला पाहिजे, आणि निकाल विरुद्ध गेला तरी भरपाईची तोशीस त्यास लागूं देतां कामा नये. ही मेहेरबानी नव्हे. वेतनासारखेंच तें देणें आहे.

कॅनडांतील डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांची हकीकत या दृष्टीनें बारकाईनें पाहण्यासारखी आहे. ऑलिव्हिएरीबाई टोरोंटो विद्यापीठांत प्राध्यापिका असून तेथील 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन' या बालरुग्णालयांत थॅलॅसेमियाच्या रोग्यांवर उपचार करीत. या रोगांत वरचेवर रक्त द्यावें लागतें. त्यामुळें शरीरांत लोह सांचत जातें, आणि तें बाहेर काढलें नाहीं तर हृदय व यकृत यांवर गदा येते. लोह काढण्याचा जुना उपाय म्हणजे रात्रभर सुईवाटे औषध सोडीत राहणें. त्याऐवजीं पोटांत घेतां येईल असें डेफेरिप्रोन नांवाचें औषध बाई पारखीत होत्या, व त्या कामास अपोटेक्स या औषधी कंपनीचें द्रव्यसाहाय्य होतें. कांहीं रोग्यांत औषधाचा गुण टिकत नाहीं असें त्यांस आढळूं लागलें, तेव्हां नीतिसमितीच्या सांगण्यास अनुसरून रोग्यांस तसें कळविण्याचें त्यांनीं ठरविलें. १९९६ च्या मे महिन्यांत कंपनीनें टोरोंटो येथील चाचण्या बंद केल्या, आणि हें बाहेर बोलाल तर कायद्याचा इलाज करूं, अशी ताकीद दिली. बाई बोलल्या. १९९८ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्धही केले.

आतां विद्यापीठानें काय करावयास हवें होतें? 'रोग्यास धोका सांगणें हें आमच्या प्राध्यापिकेचें कर्तव्य आहे. दावा लावावयाचा तर तो आमच्यावर लावा,' एवढ्या मजकुराचें एक वकिली पत्र कंपनीस धाडण्यास कितीसा खर्च आला असता! कॅनडांतील विद्यापीठशिक्षकांच्या संघटनेनें नेमलेल्या स्वतंत्र समितीनें २००१ सालीं आपला विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णालय आणि विद्यापीठ या दोघांनींही बाईंस परिणामकारक पाठिंबा दिला नाहीं, असा ठपका त्यांत स्पष्ट आहे. त्याच सुमारास विद्यापीठ व तीच कंपनी यांच्यामध्यें कोट्यवधी डॉलरांच्या देणगीचीं बोलणीं चाललीं होतीं, हेंही वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. १९९९ च्या जानेवारींत रुग्णालयानें बाईंस त्यांच्या विभागाच्या प्रमुखपदावरून दूर केलें. परदेशींच्या नामांकित शास्त्रज्ञांनीं रदबदली केली तेव्हां कोठें त्याच महिन्यांत तडजोड झाली. परक्यांस जी लाज वाटली, ती घरच्यांस वाटूं नये!

यावर कोणी म्हणतील कीं, बाईंचें मतच चुकीचें असेल तर? डेफेरिप्रोनला पुढें युरोपांत १९९९ सालीं व अमेरिकेंत २०११ सालीं परवानगी मिळाली; भारतांत तर तें त्याहीपूर्वीं विक्रीस आलें होतें. त्याच्या गुणदोषांविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत, हें आम्हांस मान्य आहे. किंबहुना आमच्या पक्षाचें बळ येथेंच आहे. नोटीस येते त्या दिवशीं कोणाचें बरोबर हें कोणासच ठाऊक नसतें. ज्याचें मत पुढेंमागें खरें ठरेल त्यालाच वकील द्यावयाचा असा नियम केला, तर वकील कोणासच मिळणार नाहीं. आणि मत चुकीचें असेल तर तें खोडावयाचें तें दुसऱ्या प्रयोगानें, नोटिशीनें नव्हे.

दुसरा आक्षेप खजिन्याचा. लबाडांच्या बचावावर लोकांचा पैसा उधळावा काय? या शंकेचें उत्तर कॅलिफोर्निया संस्थानच्या कायद्यानें १९६३ सालींच देऊन ठेवलें आहे. तेथील सार्वजनिक सेवकावर कामाच्या ओघांत केलेल्या कृत्याबद्दल दिवाणी दावा आला व त्यानें मागणी केली, तर त्याचा बचाव करणें व निकालाची रक्कम भरणें हें संस्थेवर बंधनकारक आहे. सरकारी विद्यापीठही यांतून सुटत नाहीं. कृत्य कामाबाहेरचें असेल, किंवा त्यांत कपट, लांच अथवा दुष्टबुद्धि असेल, तर संस्थेस नकार देतां येतो. मात्र लेखी मागणी आल्यापासून २० दिवसांच्या आंत होय कीं नाहीं तें कळवावें लागतें, व नाहीं म्हणावयाचें तर कारण द्यावें लागतें. नकार गैर ठरला तर सेवकास वकिलाचा वाजवी खर्च वसूल करतां येतो. फौजदारी खटल्यांत मात्र बचाव देणें संस्थेच्या मर्जीवर सोडलें आहे.

ही शेवटची सूट आपल्याकडे मुळींच परवडणारी नाहीं. भारतांत अब्रूनुकसानी हा अद्यापि फौजदारी गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं तो कायम ठेवला, आणि २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या न्यायसंहितेंतही तो आहेच. म्हणजे येथील संशोधकास भीति नुसत्या भरपाईची नाहीं. दूरच्या एखाद्या न्यायालयांत आरोपी म्हणून तारखेमागून तारखेस हजर राहण्याचीही आहे. आमच्या विद्यापीठांच्या अधिनियमांत, उदाहरणार्थ २००९ च्या केंद्रीय विद्यापीठांच्या कायद्यांत, सद्भावनेनें केलेल्या कृत्यास संरक्षण देणारें कलम आहे खरें. पण तें कलम न्यायाधीशापुढें वाचून दाखविण्यास वकील लागतो, आणि त्याची फी कोणी द्यावयाची याविषयीं अशा कलमाच्या शब्दांत अवाक्षर नाहीं. मोठ्या नांवाच्या प्राध्यापकास निदान चाहते वर्गणी जमवून देतील. परीक्षा-विभागांतील कारकुनानें किंवा प्रयोगशाळेंतील मदतनिसानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

तेव्हां प्रत्येक विद्यापीठानें असा लेखी नियम करावा, अंदाजपत्रकांत त्यासाठीं वेगळी रक्कम राखावी, आणि बचाव द्यावयाचा कीं नाहीं हा निर्णय, जे अधिकारी देणग्या मिळवितात त्यांच्या हातीं ठेवूं नये.