बालगंधर्व नव्हे, मावशी

पुरुषाने स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर येण्याचा विषय मराठी मंडळींत निघाला, की एक वाक्य ठरल्याप्रमाणे उच्चारले जाते : ‘त्यात नवे काय? आमच्याकडे बालगंधर्व होते.’ वाक्य अभिमानाचे असते आणि चर्चा तेथेच संपते. साहित्याच्या वर्गांत, चर्चासत्रांच्या मधल्या चहाच्या वेळी आणि परदेशातून परतलेल्यांच्या गप्पांत आम्ही ते अनेकदा ऐकले आहे. लंडनच्या मुक्कामात एका शनिवारी भर दुपारी ‘ड्रॅग ब्रंच’ नावाचा प्रयोग पाहण्याचा योग आला. तो पाहिल्यावर आमचे असे ठाम मत झाले, की हे वाक्य जितके सोयीचे आहे तितकेच दिशाभूल करणारे आहे. ड्रॅग या कलाप्रकाराला मराठी रंगपरंपरेत नातेवाईक जरूर आहेत; पण ते गंधर्व नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी सापडत नाहीत. त्यांच्यासाठी तमाशाच्या फडाकडे जावे लागते.

आधी प्रयोगाविषयी. ब्रंच म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधल्या वेळचे खाणे. थेम्सच्या दक्षिणेकडील एका उपाहारगृहात, अंडी, बटाटे आणि ठरावीक वेळात हवी तितकी प्रोसेको अशा बेताबरोबर हा खेळ चालतो. प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक तरुण स्त्रिया होत्या. दोन टेबलांवर लग्नाआधीची मेजवानी चालू होती आणि नियोजित वधूंच्या खांद्यांवर रेशमी पट्टे होते. रंगमंच असा नव्हताच. टेबलांमधली वाट हाच मंच. त्या वाटेवरून सहा फुटांहून उंच, त्यावर टाचांचे बूट आणि त्यावर पिवळाधमक टोप अशी एक ‘बाई’ आली आणि बोलू लागली ती चक्क खर्जात. आवाज बारीक करण्याचा कोणताही प्रयत्न नव्हता. तिने वधूला तिच्या नवऱ्याविषयी नको ते प्रश्न विचारले, कोपऱ्यातल्या संकोची गृहस्थाला हेरून त्याच्या मांडीवर बैठक मारली, त्या आठवड्यातल्या राजकारणावर दोन फटके ओढले. आमच्यापैकी एकीने साडी नेसली होती. त्या साडीभोवती प्रदक्षिणा घालून ‘हे कापड किती?’ अशी चौकशी झाली. सहा वार हे उत्तर ऐकून ‘माझ्या एका मांडीला पुरेल’ असा निर्वाळा मिळाला. नऊ वारांचीही साडी असते हे कळल्यावर मात्र चेहऱ्यावर खरीखुरी आशा उमटली.

मध्ये मध्ये गाणी होती. ती ध्वनिमुद्रित, कलावंत फक्त ओठ हलवतो. आणि शेवटच्या गाण्याच्या ऐन भरात तो टोप उपटून फेकला गेला. खाली नायलॉनची घट्ट टोपी आणि कपाळावरून ओघळणारा घाम. त्या क्षणी पडलेल्या टाळ्या त्या दुपारच्या सर्वांत मोठ्या टाळ्या होत्या.

वाचकांनी या शेवटच्या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. बालगंधर्वांच्या प्रयोगात टोप निघाला असता तर काय झाले असते? तो अपघात ठरला असता, रसभंग ठरला असता. येथे तोच प्रयोगाचा कळस होता. दोन्ही ठिकाणी पुरुष आहे, साडी किंवा झगा आहे, रंग आहे. पण या दोन कलांचा प्रेक्षकाशी असलेला करार परस्परविरुद्ध आहे. एकीत शिवण दिसू द्यायची नसते, दुसरीत शिवण दाखवण्यासाठीच वस्त्र घातलेले असते.

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांचे यश शिवण लपवण्याच्या कलेचे परमोच्च यश होते. १९११ च्या ‘मानापमान’मधील भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याला’तील सिंधू या भूमिकांत प्रेक्षक पुरुषाला पाहत नव्हते. त्यांची साडी नेसण्याची, केस बांधण्याची, दागिने घालण्याची तऱ्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली, हे सर्वश्रुत आहे. या घटनेचा उल्लेख आपण कौतुकाने करतो, पण तिचा अर्थ पुरता लावत नाही. पुरुष नाटककाराने लिहिलेली, पुरुष नटाने साकारलेली, पुरुषांच्या मंडळीने उभी केलेली ‘आदर्श स्त्री’ समोर ठेवली गेली आणि खऱ्या स्त्रियांनी तिच्याबरहुकूम दिसायचे ठरवले. त्या कलेच्या सौंदर्याविषयी आम्हाला शंका नाही. पण तिने लिंगभेदाच्या चौकटीला धक्का दिला असे म्हणणे म्हणजे चौकटीवरच्या नक्षीकामाला सुरुंग म्हणण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या रंगभूमीवरही हे दोन प्रवाह वेगळे ओळखता येतात. शेक्सपिअरच्या काळात स्त्रीभूमिका मुलगे करीत. १६६० नंतर तेथे व्यावसायिक रंगमंचावर स्त्रिया आल्या. मुलग्यांचा अभिनय बहुतांशी लपवण्याचा होता, तरी शेक्सपिअरला शिवण उसवून दाखवण्याचा मोह आवरत नसे. ‘ॲज यू लाइक इट’च्या भरतवाक्यात रोझलिंडची भूमिका करणारा मुलगा आपण स्त्री नसल्याचे प्रेक्षकांना सुचवून जातो. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’त क्लिओपात्राला भीती वाटते ती कोणी चिरक्या आवाजाचा मुलगा आपली नक्कल करील याची; आणि हे बोलत असतो एक मुलगाच. दुसरा प्रवाह नाताळच्या सुमारास होणाऱ्या पँटोमाइमचा. त्यातील ‘डेम’ ही प्रौढ, बडबडी, आगाऊ बाई पुरुषच करतो आणि तो पुरुष आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रुरी लेन नाट्यगृहात डॅन लेनो या नटाने ही भूमिका लोकप्रियतेच्या शिखरावर नेली. आम्ही पाहिलेली पिवळ्या टोपाची बाई या डेमच्या कुळातली होती. रोझलिंडशी तिचे नाते लांबचे.

मराठीत या डेमचे सख्खे भावंड कोण? तमाशातील गौळणीची मावशी. गण झाला, की गौळण उभी राहते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची म्होरकी असलेली मावशी. मावशी परंपरेने पुरुष करतो. तो साडी नेसतो, पदर सावरतो, पण राठ आवाज लपवत नाही. तो साक्षात देवाशी हुज्जत घालतो, पेंद्याला निरुत्तर करतो, गावच्या पाटलापासून पुढाऱ्यापर्यंत सर्वांना चिमटे काढतो. संहिता जवळपास नसते. हजरजबाबीपणा हीच संहिता. लंडनच्या त्या वाटेवर आम्ही जे पाहिले ते रचनेने, विनोदाच्या जातीने आणि प्रेक्षकांच्या अंगावर जाण्याच्या रीतीने मावशीचेच काम होते. कृष्ण तेवढा नव्हता. त्याच्या जागी संकोची गृहस्थ होता.

मग आपल्याला मावशी का आठवत नाही आणि बालगंधर्व का आठवतात? आमच्या मते याचे कारण कलेत नाही, प्रतिष्ठेत आहे. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे, २०११ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला. हे सारे योग्यच आहे. मावशी करणाऱ्या शेकडो नटांची नावे मात्र फडाबरोबर विरून गेली. पाठ्यपुस्तकात संगीत नाटकाचे प्रकरण असते. तमाशाच्या प्रकरणात ‘गण, गौळण, बतावणी, वग’ अशी क्रमवारी देऊन आपण मोकळे होतो. मध्यमवर्गाने पुरुषाचा स्त्रीवेष स्वीकारला तो त्या वेषाने मध्यमवर्गाच्या स्त्रीकल्पनेला नमस्कार केला म्हणून. मावशी नमस्कार करीत नाही.

या दोघांच्या पलीकडे एक तिसरा आहे आणि त्याच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तो म्हणजे नाच्या. मराठी तमाशापटांत गणपत पाटील यांनी ही भूमिका इतक्या वेळा आणि इतक्या ताकदीने केली, की भूमिका आणि नट यांतील सीमारेषाच लोकांनी पुसून टाकली. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा आणि तिच्यावरील २०१० च्या चित्रपटाचा विषय हाच आहे : पहिलवानी देहाचा गुणा फडाच्या गरजेपोटी नाच्या होतो आणि मंचावरचे हसू मंचाखाली त्याचा पाठलाग करते. मावशी आणि नाच्या दोघेही हशा मिळवतात. पण मावशीच्या बाबतीत हशाची दोरी नटाच्या हाती असते, नाच्याच्या बाबतीत पडद्याने ती प्रेक्षकांच्या हाती दिली.

स्त्रीवेषातल्या पुरुषाकडे पाहताना विचारण्याजोगा खरा प्रश्न आम्हाला हाच वाटतो. ‘तो हुबेहूब बाई दिसतो का?’ हा प्रश्न गौण आहे. हसू कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहावे. ज्यूडिथ बटलर यांनी १९९० च्या ‘जेंडर ट्रबल’मध्ये ड्रॅगचे उदाहरण घेऊन लिंगभाव हा मुळातच पुनःपुन्हा वठवला जाणारा प्रयोग आहे असे मांडले, हे आपले विद्यार्थी परीक्षेत लिहितात. त्याच बटलर यांनी १९९३ च्या ‘बॉडीज दॅट मॅटर’मध्ये ड्रॅग आपोआप बंडखोर ठरत नाही असा इशारा दिला, हे मात्र क्वचित लिहिले जाते. वेष स्वतःहून काहीच करीत नाही. कोण, कोणासमोर, कोणावर हसवतो यावर सारे अवलंबून असते.

या कसोटीवर ड्रॅग ब्रंचही तपासायला हवा. तेथे जे आज तिकिटावर मिळते, त्यासाठी लोकांनी तुरुंग पाहिले आहेत. १८७० साली बोल्टन आणि पार्क या दोन तरुणांना स्ट्रँडवरील नाट्यगृहाबाहेर स्त्रीवेषात अटक झाली आणि पुढल्या वर्षी खटला चालून ते निर्दोष सुटले. इंग्लंड व वेल्समध्ये समलिंगी संबंधांना कायद्याने अंशतः मोकळीक मिळाली ती १९६७ साली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या प्रसिद्ध पबवर पोलिसांचा छापा पडला तेव्हा एड्सच्या भीतीने पोलिसांच्या हातांत रबरी मोजे होते आणि मंचावर ‘लिली सॅव्हेज’च्या वेषात पॉल ओ’ग्रेडी होते. तीच वास्तू २०१५ साली वारसा म्हणून संरक्षित झाली. रात्रीची, धोक्याची ही कला आता दुपारी, अंड्यांबरोबर वाढली जाते. तिचे दात थोडे बोथट झाले आहेत, हे मान्य करावे लागेल. स्त्रियांच्या देहावरचे काही विनोद स्वस्त होते; ड्रॅग स्त्रियांची थट्टा करते हा स्त्रीवाद्यांचा जुना आक्षेप त्या वेळी अगदीच निराधार वाटला नाही. तरीही दोरी कलावंताच्याच हाती होती. कोणाला किती ओढायचे, कोठे सैल सोडायचे हे तो ठरवीत होता, आणि दुपारी घाम गाळून मिळवलेल्या मजुरीवर तो उजळ माथ्याने घरी जाणार होता. ही गोष्ट लहान नव्हे.

प्रश्न आपल्या वर्गांचा आहे. स्नेहसंमेलनात मुलगा सिंधूचा प्रवेश करतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाची चाल किंवा आवाज जरा हळुवार असेल तर व्हरांड्यात त्याला ‘बायल्या’ म्हटले जाते आणि शिक्षक ऐकून न ऐकल्यासारखे करतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. व्हरांड्यापर्यंत तो निकाल पोचलेला नाही. अशा मुलाला ‘आमच्याकडे बालगंधर्व होते’ हे वाक्य काहीच देत नाही. ते त्याला सांगते, की तुझा हळुवारपणा रंगमंचावर, परिपूर्ण आणि निष्कलंक असेल तरच चालेल.

मावशी त्याला वेगळे सांगते. राठ आवाजावर पदर घेता येतो, दोन्ही एकाच देहात राहू शकतात आणि प्रत्यक्ष देवाने वाट अडवली तरी उत्तर देता येते, असे ती सांगते. म्हणून आमची सूचना साधी आहे. संगीत नाटक शिकवताना बालगंधर्वांचा गौरव जरूर करावा. पण त्यांचे नाव ढालीसारखे पुढे करून चर्चा मिटवू नये. त्याच तासाला गौळण वाचावी, शक्य तर फडातल्या एखाद्या जुन्या मावशीला वर्गात बोलवावे आणि तिचे काम तिच्याच तोंडून समजून घ्यावे. हसायला तर येईलच. ते हसू कोणाच्या ताब्यात आहे, एवढे विद्यार्थ्यांनी टिपून ठेवले तरी तासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.