शिसे हटले, पण कोणाच्या वाट्यातून?

युरोपीय संघाने २००३ साली मंजूर केलेला घातक द्रव्यांविषयीचा निर्देश १ जुलै २००६ पासून अमलात आला आणि विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम व ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांचे दोन वर्ग यांवर मर्यादा आली. उपकरणाच्या प्रत्येक एकजिनसी भागात यांचे प्रमाण वजनाने ०.१ टक्क्याहून, आणि कॅडमियमचे ०.०१ टक्क्याहून अधिक असू नये, असा हा दंडक आहे.

त्याचा मोठा आघात झाला तो डाखावर. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो, सहज पसरतो आणि स्वस्त पडतो. विसाव्या शतकातील इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे सांधे बहुतांशी याच कुळातील डाखाने जोडले गेले. त्याच्या जागी कथील, ३ टक्के चांदी व अर्धा टक्का तांबे यांचा मिश्रधातू आला. तो सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो. भट्ट्या अधिक तापवाव्या लागल्या, चांदीचा खर्च वाढला. सांधे टिकणार नाहीत, असे आक्षेपही उद्योगक्षेत्रातून घेतले गेले. ते अगदीच निराधार नव्हते. म्हणून तर लष्करी व अंतराळ उपकरणे या निर्बंधाबाहेर राहिली. पण उद्योग बुडाला नाही. युरोपची बाजारपेठ गमावण्याची वेळ येताच अशक्य म्हटलेले शक्य झाले. भांडवलाला सद्‌बुद्धी कोठून सुचते, याचा हा धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भारतानेही २०११च्या ई-कचरा नियमांत याच मर्यादा स्वीकारल्या व १ मे २०१४ पासून त्या लागू केल्या. हे स्वागतार्हच होते. परंतु प्रश्न असा की, या संरक्षणाचा लाभ पोचला कोणापर्यंत? नियम पाहतो तो नव्या वस्तूकडे. जुनी वस्तू फोडणारा माणूस त्याच्या नजरेत येत नाही. दिल्लीचे सीलमपूर, मुरादाबाद, मुंबईची धारावी येथील गल्ल्यांत सर्किट बोर्ड तापवून सुटे भाग काढले जातात, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सोन्यासाठी आम्लाचे हौद भरले जातात. जुन्या डाखातील शिसे तेथे धुरातून व धुळीतून माणसाच्या रक्तात उतरते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातही मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत, वस्तूच्या किमतीत जो खर्च धरलाच गेला नाही, तो कोणीतरी अन्यत्र भरत असतो. येथे तो भंगार फोडणारा मजूर आपल्या देहाने भरतो. तो खर्च उत्पादकाकडे परतवावा म्हणून ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ हे तत्त्व आले. २०२२च्या नियमांनुसार उत्पादकांना नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. त्यासाठी सरकारने गृहोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंना किलोमागे २२ रुपये किमान दर ठरवताच २०२५ साली काही बड्या परदेशी कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २२ रुपयेही ज्यांना जड वाटतात, त्यांची पर्यावरणनिष्ठा तपासून पाहिली पाहिजे.

कायद्याची दुसरी बाजूही तशीच. १९४८चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या जागी १० व इतरत्र २० कामगार असतील तरच लागू होई. २०२०च्या संहितेने या संख्या २० व ४० केल्या. भंगाराच्या गल्लीतील चार-सहा जणांचे गाळे तेव्हाही बाहेर होते, आता अधिकच दूर गेले. तथापि धोकादायक व्यवसाय अधिसूचित करून ही संख्येची अट बाजूला ठेवण्याची सोय त्याच संहितेत आहे.

कार्यकर्त्यांनी बोट ठेवायचे ते येथेच. ई-कचरा फोडण्याचे काम धोकादायक म्हणून अधिसूचित व्हावे. मजुरांच्या सहकारी संस्थांना नोंदणी, धूर ओढून घेणारी यंत्रे आणि प्रमाणपत्रांच्या पैशातला वाटा मिळावा. त्यांच्या व त्यांच्या मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी सार्वजनिक दवाखान्यांत विनामूल्य व्हावी. गल्ल्यांवर नुसत्या धाडी घालून हे काम थांबणार नाही, ते अधिक अंधाऱ्या गल्लीत जाईल. ग्राहकाच्या हातातील यंत्रातून शिसे काढता आले, तर मजुराच्या रक्तातून ते दूर ठेवणे अशक्य कसे म्हणता येईल?