विश्वास हा हुकमाने मिळत नसतो

आमचे लोक सरकारी इस्पितळाची पायरी वेळेवर चढत नाहीत, लस टोचून घेण्यास कचरतात, असा आरोप सुशिक्षित वर्ग वारंवार करतो आणि त्याचे खापर आमच्या अज्ञानावर फोडतो. वाचकहो, हा निवाडा मान्य करण्यापूर्वी इतिहासाची साक्ष काढणे अवश्य आहे.

१२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. हिंदू डॉक्टर आला तो तिला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने बायकोला. विटाळाच्या भयाने रोग्यापासून दूर राहूनच निदान झाले, फीचे दोन रुपये मात्र घेतले गेले. ती माउली दगावली. बाबासाहेबांनी ही हकीकत आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात नोंदवून ठेवली आहे. त्या डॉक्टरापाशी विद्या होती, माणुसकी नव्हती.

हे पाप एकट्या भारताचे नव्हे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, तेथील सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून उपदंशाने पीडित अशा ३९९ कृष्णवर्णीयांना उपचाराच्या नावाखाली केवळ निरीक्षणाखाली ठेवले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे त्या रोगावरील मान्य औषध ठरले, तरीही ते त्यांना दिले गेले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांनी वाचा फोडली तेव्हाच हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्षांनी क्षमा मागितली ती १९९७ साली. त्यानंतरही तेथील कृष्णवर्णीय मनुष्य डॉक्टरकडे साशंकतेने पाहत असेल, तर त्यास अज्ञान म्हणावे की स्मृती?

याउलट, ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा पाया घालणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेले होते. खर्च करांतून आणि उपचार गरजेप्रमाणे, हे तिचे तत्त्व. तेथे आज प्रतीक्षेच्या तक्रारी आहेत. परंतु दारात पैसा विचारला जाणार नाही, ही खात्री सामान्य माणसाला आहे. विश्वास उपजतो तो अशा हक्कातून, उपदेशातून नव्हे.

आपल्याकडेही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी इस्पितळाने तातडीचा उपचार नाकारणे हा संविधानाच्या २१ व्या कलमाचा भंग होय, असा निर्णय दिला आहे. तेव्हा धम्मबांधवांनो, शंकेपायी औषध सोडू नका. लस घ्या, इस्पितळात जा. मात्र दयेचे याचक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून जा. कोणी हेळसांड केली तर लेखी तक्रार करा आणि तिचा पाठपुरावा संघटितपणे करा.

हगवणीने ग्रासलेल्या, सर्वांनी टाकलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते न्हाऊ घातले होते. रोग्यास स्पर्श करणारा तो हात ज्या दिवशी प्रत्येक इस्पितळात दिसेल, त्या दिवशी आमच्या लोकांना विश्वास ठेवा म्हणून सांगावे लागणार नाही.