माल भरायला जाताय? मग एक दिवस मोकळा ठेवा

माल भरायला बाहेरगावी गेलात की तुम्ही काय करता, मला माहीत आहे. रात्रभर प्रवास, सकाळी स्टँडवर तोंड धुवायचं, दिवसभर मार्केट आणि रात्रीची परतीची गाडी. लॉजचं भाडं वाचलं म्हणून आपण खूश. मीही तेच करायचे.

एकदा अहमदाबादहून अशीच एका दिवसात ऑर्डर देऊन आले. संध्याकाळी डोकं चालत नव्हतं, व्यापारी म्हणाला, "बेन, हेच चाललंय," आणि मी 60 हजारांचं ड्रेस मटेरियल उचललं. रंग आमच्या साताऱ्याच्या गिऱ्हाइकाचे नव्हतेच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शेवटी पडेल भावात काढलं. वाचवलेलं भाडं किती? 900 रुपये.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी फक्त बघते, भाव लिहून घेते. दुसरा दिवस सुट्टी. ऑर्डर तिसऱ्या दिवशी. सुट्टी शेवटी ठेवू नका हं, पैसे देऊन झाल्यावर शांत डोक्याचा उपयोग काय?

आणि त्या दिवशी मॉलमध्ये जाऊ नका, जुन्या शहरात जा. अहमदशाहने 1411 साली वसवलेलं हे शहर 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, असा मान मिळालेलं भारतातलं पहिलं. तिथल्या पोळांमधून चाला. (पोळ म्हणजे गल्लीतली वस्ती, पुरणाशी संबंध नाही.) कोरीव लाकडी घरं, चौकात पक्ष्यांना दाणे टाकायचा चबुतरा. आपल्या गायकवाडांची हवेलीही याच शहरात आहे. रात्री माणेक चौक गाठा. दिवसा जिथे सराफ बाजार असतो, तिथेच दुकानं बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात.

माझा वेळ जातो तो राणीनो हजीरोजवळ. राण्यांच्या कबरींभोवती कपड्यांचा, दागिन्यांचा बाजार आहे. तिथे मी एका ओढणीसाठी चक्क घासाघीस केली. किती महिन्यांनी काउंटरच्या त्या बाजूला उभी होते! आणि लक्षात आलं, मी आधी कापड हातात चोळून बघितलं, भाव नंतर विचारला. माझ्या दुकानात मात्र सगळा माल प्लास्टिकच्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी यादी उघडली आणि 11 पैकी 5 डिझाइन्स मीच खोडली.

राहणं, जेवण, रिक्षा धरून या जादा दिवसाचे माझे 1500 च्या आसपास जातात. माझा भाऊ दुकानात बसतो म्हणून मला जमतं, हेही खरं. तुमच्याकडे कोणीच नसेल तर निदान एक दुपार काढा.

फक्त त्या दिवशी व्यापाऱ्यांचे फोन घेऊ नका. "बेन, माल संपत आलाय" असा फोन येतोच. आजवर माझा संपत आलेला प्रत्येक माल तिसऱ्या दिवशी तिथेच होता.