न भिवविणारी भुते

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही आमच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे बसलो असता त्यांच्या नातवाने मोठ्या हौसेने ‘पुराना मंदिर’ हा जुना हिंदी भयपट लावला. आजोबांस भिववावे, असा त्याचा डाव होता. यथावकाश सामरी नामक सैतान पडद्यावर अवतरला, विजा कडाडल्या, वाद्यांनी एकच गिल्ला केला, आणि आजोबा पोट धरून हसू लागले. नातू हिरमुसला. “आजोबा, तुम्हांला भीती कशी वाटत नाही?” या त्याच्या प्रश्नास ते म्हणाले, “अरे, हा तर आमचा कुवेतचा सोबती. याला पाहिला की मला पाऊस आठवतो.”

हे उत्तर आम्हांसही कोड्यासारखे वाटले. मग चहा होईतो त्यांनी जे सांगितले, ते या स्तंभाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आमचे हे स्नेही तेलाच्या धंद्यानिमित्त पुष्कळ वर्षे कुवेतमध्ये फहाहील येथे होते. एका खोलीत सहाजण राहत. शुक्रवारची सुटी, म्हणून गुरुवारच्या रात्री व्हिडिओवर चित्रपट पाहण्याचा परिपाठ असे. कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. त्यातील काळोख विटून राखाडी झालेला, त्यामुळे जे अंधारात लपवायचे तेच नेमके स्पष्ट दिसे. सामरीच्या चेहऱ्यावरील रंगरंगोटी कोठे संपते व नटाची मान कोठे सुरू होते, हे सहाही जणांस तोंडपाठ होते. जुलै महिना, बाहेर मध्यरात्रीही भट्टीसारखा वारा, आणि पडद्यावर मात्र हवेलीच्या पायऱ्यांवरून पावसाचे लोट वाहत असलेले. त्यांच्यातील रोह्याकडचे एक गृहस्थ एकदा मध्येच म्हणाले, “आमच्याकडे लावणी आटोपली असेल.” त्यानंतर कोणी बोलले नाही. सामरी आला कधी आणि गेला कधी, इकडे कोणाचे लक्षच नव्हते. ज्या पावसाने प्रेक्षकांचा थरकाप व्हावा, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा, त्या पावसाने सहा माणसांच्या डोळ्यांत पाणी आणले.

आता रामसे बंधूंविषयी अनादराने बोलण्याचा आमचा हेतू नाही. कराचीहून मुंबईस आलेल्या या कुटुंबात सात भाऊ. कोणी कॅमेरा धरी, कोणी ध्वनी सांभाळी, कोणी संकलन करी. घरचेच मनुष्यबळ घेऊन त्यांनी १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला आणि पुढे १९८४ मध्ये ‘पुराना मंदिर’ने मोठेच यश मिळविले. सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीस शिकलेले स्थापत्य अभियंते होते, ही गोष्ट आम्हांस त्या सैतानापेक्षाही अधिक चमत्कारिक वाटते. परंतु त्यांची भुते कोठली, हे काही केल्या कळत नाही. पडका वाडा विलायती, त्रिशूळ आपला, भूत कोणाचेच नाही. शिवाय भूत येण्यापूर्वी वाद्ये वर्दी देतात, आणि एकदा आलेले भूत लवकर जात नाही. अर्धा घटका पाहिलेल्या भुतास कोण भिणार? त्याच्याशी ओळखच होऊन जाते. आणि मध्येच विनोदी नटाचा प्रवेश होतो, तेव्हा उरलीसुरली भीतीही खुर्चीखाली जाऊन बसते.

याउलट अलिबाग-रेवदंड्याकडील आमच्या आज्यांची भुते पाहावीत. त्यांना ना वाद्ये, ना चेहरा, पण प्रत्येकाचे काम ठरलेले. गिऱ्हा पाण्यात ओढी, म्हणून पोरे तिन्हीसांजेला तळ्याकडे फिरकत नसत. चकवा वाट चुकवी, म्हणून रात्री एकट्याने कोणी रान तुडवीत नसे. भर दुपारी बारा वाजता पिंपळाखाली जाणे नाही. आमचे स्नेही सांगतात की कुवेती लोकांचीही भुते अशीच कामसू होती. तेथे ‘हिमारत अल्-गायला’, म्हणजे दुपारची गाढवीण, अर्धी बाई व अर्धे गाढव. ती ऐन दुपारी गल्लीतून हिंडे आणि घराबाहेर सापडलेल्या पोरांस धरी. हे ऐकून हसू येते खरे. परंतु ज्या देशात मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, तेथे दुपारी पोर उन्हात जाऊ नये म्हणून आई दुसरे काय करणार? समुद्रावर ‘बू दर्या’ नावाचा जिन्न असे. तो रात्री बुडणाऱ्या माणसाच्या आवाजात हाका मारी आणि मदतीस धावणाऱ्यास घेऊन जाई. त्याची चाहूल लागताच खलाशी ‘वाकस आणा, करवत आणा’ असा गलका करीत. गलबतावरील सुताराच्या हत्यारांस भिणारे हे भूत आम्हांस फार आवडले. आपल्या कोकणचा खवीस हाही शब्दाने अरबीच, तेव्हा गलबतांतून खजूर व मोती आले, तसा तोही आला असल्यास नवल नाही.

नवल करण्याइतके ते अंतरही नव्हते. कुवेतचे मोती मुंबईच्या बाजारात येत, गलबतांचे लाकूड हिंदुस्थानातून जाई, आणि १९६१ पर्यंत तेथील व्यवहार रुपयांत चालत. कुवेतमधील पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढणारे खालिद अल्-सिद्दीक यांचेही शिक्षण मुंबईत झाले. त्यांच्या या चित्रपटाचे नाव ‘बस या बहर’, म्हणजे ‘पुरे कर, हे समुद्रा’. यातील ‘बस’ मराठी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. तो प्रदर्शित झाला १९७२ मध्ये. एकाच समुद्राच्या एका काठावर ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आणि दुसऱ्या काठावर हा, आणि दोन्ही एकाच वर्षी!

‘बस या बहर’ हा भयपट म्हणून कोणी काढलेला नाही. तेल सापडण्यापूर्वीच्या काळातील मोती काढणाऱ्यांची ती कथा आहे. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला वा हाताला दोर, आणि त्या दोराचे दुसरे टोक वरच्या माणसाच्या मुठीत. उन्हाळ्याचे चार महिने हाच उद्योग, आणि कर्ज फिटले नाही तर ते मुलाच्या माथी. चित्रपटातील बाप समुद्राने अपंग केलेला आहे. मुलगा मुसाइद श्रीमंताच्या मुलीसाठी पाण्यात उतरतो आणि परत येतो तो प्रेत होऊन. त्याने मिळविलेला मोती आई समुद्रात भिरकावून देते. आमच्या स्नेह्यांनी हा चित्रपट तेथील एका कुवेती सहकाऱ्याच्या घरी पाहिला. सहकाऱ्याचे वृद्ध वडील सोबत बसले होते. पाण्यावर ताणलेला तो दोर पडद्यावर दिसताच म्हाताऱ्याने स्वतःच्या मुठी आवळल्या आणि शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. त्या काळी ते दोर ओढणारे होते.

२०२३ साली कुवेतमध्ये ‘टॉक टू मी’ हा ऑस्ट्रेलियन भयपट आणि ‘बार्बी’ हा बाहुलीचा चित्रपट यांवर एकाच वेळी बंदी आली. सरकारी डोळ्यांस भूत व बाहुली सारखीच भीतिदायक दिसावीत, याची आम्हांस गंमत वाटली. आमच्या स्नेह्यांस मात्र वाटली नाही. ते चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “तुम्हांला खरी भीती कशी येते, सांगू का?”

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्यानंतर काही दिवसांनी रात्री त्यांच्या खोलीचे दार वाजले. वाद्ये नव्हती, वीजही कडाडली नाही. सहाजण दिवा मालवून बसले होते. दार पुन्हा वाजले. शेवटी रोह्याच्या गृहस्थांनी उठून कडी काढली. दारात अठरा-एकोणीस वर्षांचा एक शिपाई. त्याने पाणी मागितले, उभ्याने प्यायला, खोलीत चौफेर पाहिले आणि निघून गेला. एवढेच. पण तो पाणी पीत असता आपल्या कानांत जो आवाज होत होता, तो अजून जात नाही, असे ते म्हणाले. पुढे बगदादमार्गे अम्मान आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी सुमारे पावणेदोन लाख भारतीयांस असे आणावे लागले.

माघार घेणाऱ्या फौजेने १९९१ मध्ये सहाशेंहून अधिक तेलविहिरी पेटविल्या. धुराने भर दुपारी रात्र पडे. शेवटची विहीर विझली ती ६ नोव्हेंबरला. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्त्सोग यांनी त्यावर १९९२ मध्ये ‘अंधाराचे धडे’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. त्यात भूत नाही, कथाही जवळजवळ नाही. आग आहे, तेलाची तळी आहेत, आणि सैनिकांच्या अत्याचारानंतर बोलणेच सोडून दिलेले एक लहान मूल आहे. आमच्या स्नेह्यांच्या मुलाने तो एकदा मुद्दाम त्यांच्यासाठी मिळविला होता. ते मूल दिसताच हे उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाकीचा चित्रपट त्यांनी पाहिला नाही.

नातू हे सारे ऐकत होता. त्याने विचारले, “आणि तुमची ती कॅसेट?”

“यंत्रातच राहिली. कुलूप लावून निघालो. खोली कोणी फोडली असेल, तर पाहिलीही असेल त्याने.”

सामरी एव्हाना दुसऱ्यांदा जिवंत झाला होता. बाहेर पाऊस वाढला, म्हणून वहिनींनी खिडकी लावून घेतली. आजोबांनी ती पुन्हा उघडावयास सांगितली.